२४ बिटांमधले खरे बिट किती?

एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे: ‘२४ बिटचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) घ्या, लोडसेल (वजनाचा सेन्सर) नाहीतर थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमानाचा सेन्सर) थेट जोडा, १०० रीडिंगची सरासरी काढा. वेगळा ॲम्प्लिफायर, जाड केबल, शिल्डिंग (केबलभोवतीचं धातूचं आवरण) हा सगळा वायफळ खर्च.’ ॲम्प्लिफायरपुरतं हे खरं आहे; एचएक्स७११ सारख्या एडीसी चिपमध्ये तो आतच असतो. बाकीचं मात्र पटत नाही.

‘२४ बिट म्हणजे १.६७ कोटी पायऱ्या.’

पायऱ्या आहेत, पण त्या थरथरतात. १२८ गेन (सिग्नल १२८ पट मोठा करणं) आणि ५ व्होल्ट पुरवठ्यावर एचएक्स७११ची रेंज ±२० मिलिव्होल्ट, म्हणजे एक पायरी २.४ नॅनोव्होल्टची. सेकंदाला १० रीडिंग घेताना डेटाशीटप्रमाणे नॉइज ५० नॅनोव्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी). आकडा नाचतो तो त्याच्या साधारण ६.६ पट, म्हणजे ३३० नॅनोव्होल्ट. १० किलोचा, २ मिलिव्होल्ट प्रतिव्होल्टचा लोडसेल ५ व्होल्ट पुरवठ्यावर पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट देतो. त्याचे जेमतेम ३०,००० भाग पडतात: सुमारे १५ बिट, ०.३३ ग्रॅम. या किमतीला ते उत्तमच, पण २४ बिट नव्हेत.

‘सरासरीने नॉइज जातो.’

१०० रीडिंगनी १० पट कमी होतो, तोही फक्त स्वैर नॉइज. मायक्रोकंट्रोलरच्या एडीसीने बरोबर दर २० मिलिसेकंदांनी रीडिंग घेतलं, तर विजेच्या लाइनमधून शिरणारी ५० हर्ट्‌झची गुणगुण प्रत्येक वेळी त्याच जागी पकडली जाते. मग कितीही सरासरी काढा, ती स्थिर चूक म्हणून बसून राहते. एचएक्स७११ सेकंदाला १० रीडिंगवर ५० हर्ट्‌झ दाबतो. घाईपोटी रेट पिन (रीडिंगचा वेग ठरवणारी) ८० वर नेली की ही सोय गेली.

‘वायर कुठलीही चालते.’

सगळ्यात महाग पडतं ते हे. ३५० ओहमचा चार तारांचा लोडसेल आणि १० मीटर बारीक केबल धरा. पुरवठ्याच्या जाण्यायेण्याच्या तारांचा रोध मिळून १.७ ओहम, म्हणजे सेलवर व्होल्टेज ०.४८ टक्के कमी: १० किलोला ४८ ग्रॅम. केबल जोडून कॅलिब्रेशन केलं तर ही चूक निघते. पण तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी केबल २० अंशांनी तापली की सुमारे ४ ग्रॅमचा फरक पुन्हा हजर. वर ०.३३ ग्रॅमसाठी भांडत होतो! उपाय: सेलजवळच एडीसी बसवा, किंवा सहा तारांचा सेल घेऊन सेन्स तारांना (सेलवर खरं किती व्होल्टेज पोचलं ते परत आणणाऱ्या) रेफरन्स, म्हणजे मोजमापाचा आधार, धरणारा एडीसी वापरा. शिल्ड एकाच टोकाला, एडीसीकडे, जोडा.

‘थर्मोकपलही थेट चालतं.’

के टाइप अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतं, त्यामुळे नॉइज आड येत नाही. पण एचएक्स७११च्या इनपुटवरचं व्होल्टेज सर्किटच्या ग्राउंडपासून किमान १.२ व्होल्ट वर लागतं. मोकळं थर्मोकपल तरंगत राहतं आणि रीडिंग भरकटतं. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर घालून ऋण तार अर्ध्या पुरवठ्यावर बांधा. टोक अर्थ केलेल्या पाइपला वेल्ड केलेलं असेल तर हेही चालणार नाही. इन्सुलेटेड टोकाचंच घ्या. शिवाय थर्मोकपल फक्त टोक आणि टर्मिनल यांच्या तापमानातला फरक सांगतं, म्हणून टर्मिनलचं तापमान मोजावंच लागतं, आणि ते २ अंशांनी चुकलं तर उत्तरही जवळपास २ अंशांनीच चुकतं.

दोष कुठे आहे हे बघायला लोडसेलची ए-मायनस (सिग्नलची ऋण) तार सोडवा, ए-प्लस (धन) राहू द्या आणि बोर्डावरची दोन्ही टर्मिनलं आखूड तांब्याच्या तारेने जोडा. आकडा साधारण १४० काउंटच्या (म्हणजे पायऱ्यांच्या: ३३० भागिले २.४ नॅनोव्होल्ट) पट्ट्यात राहिला तर एडीसी ठीक, गडबड केबलमध्ये, सेलमध्ये किंवा टेबलाला हादरवणाऱ्या पंख्यात. त्याहून बराच जास्त नाचला तर आधी पॉवर सप्लाय बदलून बघा.