सीसी नव्हे, लिटर मोजा

गेल्या उन्हाळ्यात मी माझी दोन लिटर टर्बो इंजिनाची, २४५ अश्वशक्तीची गाडी विकली आणि तिच्या जागी दीड लिटरची, तीन सिलिंडरची, चार मीटरहून किंचित आखूड अशी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर विजेची मोटरही असलेली गाडी, घेतली. ही बातमी भारतात घरी सांगितली तेव्हा धाकट्या भावाने दोन प्रश्न विचारले. पहिला, “ताई, जर्मनीत वेगमर्यादा नसलेले रस्ते दाराशी असताना तू असली गाडी घेतलीस?” आणि दुसरा, “बरं, अ‍ॅव्हरेज किती देते?” तो स्वतः सध्या नव्या गाडीच्या शोधात आहे. इलेक्ट्रिक घ्यावी, हायब्रिड घ्यावी की साधी पेट्रोल, यावर त्याच्या मित्रमंडळींत रोज वाद झडतो. वाद घालणारे तिन्ही पक्ष मनात धरून बसलेली गाडी मात्र एकाच आकाराची आहे: उंच, रुंद एसयूव्ही. मला जे म्हणायचे आहे ते या आकाराबद्दल आहे.

जुन्या गाडीवर माझे मनापासून प्रेम होते, हे आधी सांगायला हवे. सहा वर्षे ती माझ्याकडे होती. तिसऱ्या गिअरमध्ये वळणाच्या शेवटी पाय थोडा दाबला की टर्बोचा दाब वाढताना ऐकू यायचा आणि पाठ सीटला टेकायची. त्या क्षणासाठी मी रविवारी पहाटे उठून मोकळ्या रस्त्यांवर गेलेली आहे. पण वर्षाकाठी मी जे चौदा हजार किलोमीटर चालवते, त्यांतले अशा रस्त्यावरचे किती, हे एकदा शांतपणे मोजले आणि आकडा पाचशेच्या वर गेला नाही. बाकीचे सगळे किलोमीटर घर ते कचेरी असे शहरातून, सतरा सिग्नल ओलांडत जातात.

सिग्नलपाशी नेमके काय घडते, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. चौदाशे किलो वजनाची गाडी ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे १३५ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. दिवा लाल झाला, ब्रेक दाबला, की ती सगळी ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात जाते. दिवा हिरवा झाल्यावर तीच ऊर्जा पुन्हा पेट्रोल जाळून निर्माण करावी लागते, आणि शहरी वेगात इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाचवा-चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते. त्यामुळे प्रत्येक थांब्याची किंमत पंधरा ते वीस मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे स्वयंपाकघरातला मोठा चमचाभर होते. हा हिशेब मी कागदावर मांडला त्या दिवसापासून लाल दिव्याकडे मला पूर्वीसारखे पाहता आलेले नाही.

नवी गाडी या चमच्यातला बराचसा भाग परत मिळवते. पाय उचलला की चाकांना जोडलेली मोटर जनित्र बनते आणि वेगाची वीज करून बॅटरीत भरते. ही बॅटरी लहान असते, एक युनिट वीजही तिच्यात मावत नाही, पण पुढच्या सिग्नलवरून गाडी हलवायला तेवढी पुरते. इंजिन, दोन मोटर आणि चाके यांना एकत्र बांधणारी ग्रहमाला गिअरची जोडणी (मधल्या गिअरभोवती लहान गिअर ग्रहांसारखे फिरतात ती) टोयोटाने १९९७च्या डिसेंबरमध्ये जपानात पहिल्या प्रियसबरोबर बाजारात आणली, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. तिच्यात क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, नेहमीचा अल्टरनेटर नाही. इंजिनाची रचनाही वेगळी असते. त्याची हवा आत घेणारी झडप उशिरा मिटते, त्यामुळे दाबल्या जाणाऱ्या हवेपेक्षा प्रसरणाला जास्त जागा मिळते आणि पेट्रोलमधून अधिक काम निघते. त्या बदल्यात, तेवढ्याच सीसीच्या नेहमीच्या इंजिनापेक्षा त्याची ताकद कमी भरते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे कराच्या हिशेबात ती कामी येणार आहे.

काय गमावले, हेही प्रामाणिकपणे सांगते. महामार्गाला लागताना पूर्ण पाय दाबला तर इंजिन एका सुरात घुमत राहते आणि गाडी मात्र आपल्या गतीने वेग घेते. आवाज आणि वेग यांचे नाते तुटल्यासारखे वाटते, आणि ज्याने गिअर बदलण्यात आनंद घेतला आहे त्याला ते पहिले काही आठवडे खुपते. महामार्गावर एका वेगाने लांब जायचे असेल तेव्हा हायब्रिडचा फायदाही आटतो, कारण परत मिळवण्यासारखे ब्रेकिंगच होत नाही. जर्मन महामार्गांवर जिथे मर्यादा नाही तिथेही ताशी १३० किलोमीटर हा शिफारस केलेला वेग आहे. पूर्वी मी तो सहज ओलांडत असे. आता बहुतेक वेळा ११०वर उजव्या, म्हणजे इथल्या संथ, मार्गिकेत असते. वेग दीडपट केला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती जवळजवळ साडेतीनपट. हे शाळेतल्या भौतिकशास्त्राचे ज्ञान. मला ते इतकी वर्षे ठाऊक होते आणि इतकी वर्षे मी ते पेट्रोल पंपावर भरत होते.

आता भावाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मी पेट्रोलची वही ठेवते. टाकी फुल्ल केली की लिटर आणि किलोमीटर लिहायचे, ही वडिलांनी स्कूटरच्या काळात लावलेली सवय. वहीप्रमाणे जुनी गाडी शंभर किलोमीटरला ९.२ लिटर घेत असे, नवी ४.६ घेते. बरोबर निम्मे. वर्षाला साडेसहाशे लिटरच्या आसपास पेट्रोल वाचते आणि सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा थांबतो. हे सगळे हायब्रिडमुळे झाले, असे मला लिहिता आले असते, आणि ते खोटे ठरले असते. कारण जुनी गाडी विकण्याआधीचे तीन महिने मी ती मुद्दाम संयमाने चालवून पाहिली होती. लांबूनच पाय उचलायचा, टर्बोला जागे करायचे नाही, महामार्गावर ११०. तेव्हा तीच गाडी ७.८ वर आली. माझ्या कचेरीतली एक सहकारी रोज त्याच रस्त्याने येते; तिच्याकडे माझ्या नव्या गाडीएवढीच, पण साधी पेट्रोल गाडी आहे, आणि ती गाडी ५.८ घेते. म्हणजे वाचलेल्या ४.६ लिटरपैकी १.४ माझ्या पायाचे, २ लिटर लहान, हलक्या, माफक ताकदीच्या गाडीचे, आणि १.२ हायब्रिड यंत्रणेचे. ज्या तंत्रावर घरी एवढी चर्चा होते, त्याचा वाटा चौथ्या हिश्श्याहून जेमतेम अधिक आहे. भारतातल्या शहरांच्या खोळंबलेल्या वाहतुकीत तो मोठा असेल, हे मान्य. तिथे गाडी थांबते अधिक, आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालत असल्याने इंजिन बंद असतानाही गाडी थंड राहते. तरीही लहान असण्याचा वाटा त्यामुळे नाहीसा होत नाही.

आणि लहान असणे, हीच गोष्ट घरच्या वादातून हद्दपार झाली आहे. आपल्याकडे अ‍ॅव्हरेज हा शब्द लहान मुलालाही कळतो. २०२५ मध्ये वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून लोक किती संतापले, ते मी इथून वाचत होते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांचा फटका बसणे स्वाभाविक आहे, आणि ज्याला न विचारता तो बसला त्याची तक्रार मला रास्त वाटते. पण तोच माणूस हॅचबॅक सोडून एसयूव्ही घेतो तेव्हा यापेक्षा कितीतरी मोठा फटका स्वतःच्या हाताने, हौसेने घेतो, आणि त्याबद्दल कुणी शब्द काढत नाही. माझ्या भावाचेच पाहा: लिटरला अठरा किलोमीटर देणारी आताची हॅचबॅक सोडून तोही एसयूव्हीच शोधतो आहे. लहान गाडीला आपल्याकडे सुरुवातीची गाडी म्हणतात, जणू माणसाने तिथून पुढेच जायला हवे. इथे माझ्या विभागाचे प्रमुख माझ्यापेक्षा लहान गाडीतून येतात आणि त्यावर आजवर कुणी टिप्पणी केलेली मी ऐकलेली नाही. जर्मनीतही मोठ्या गाड्यांचे वेड वाढते आहे, तेव्हा इथले सगळे शहाणे, असे मी म्हणणार नाही. पण लहान गाडी घेणाऱ्याला इथे खुलासा करावा लागत नाही.

खरी अडचण मला कराच्या रचनेत दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून भारतात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गाडीवर ४०, आणि इलेक्ट्रिकवर ५. हायब्रिडलाही हीच लांबी आणि हीच सीसीची मर्यादा लागू आहे. आता माझी गाडी या चौकटीत बसवून पाहू. तिची लांबी ३.९४ मीटर आहे, म्हणजे तिथे ती उत्तीर्ण. पण इंजिन १४९० सीसीचे. अर्थात शंभर किलोमीटरला साडेचार लिटर पिणारी ही गाडी भारतात मोठ्या एसयूव्हीच्या पंक्तीला, ४० टक्क्यांत बसेल. मघाशी सांगितलेली झडपेची गोष्ट इथे आडवी येते. या इंजिनाचे सीसी जास्त आहेत ते कमी पेट्रोलमध्ये भागावे म्हणून, आणि कर त्याच सीसीला शिक्षा देतो. पूर्वी मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के आणि तशाच पेट्रोल गाड्यांवर ४५ ते ५० टक्के असा थोडा तरी फरक होता. आता तोही उरला नाही. भारतात आज ज्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे काही अंतर नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या गाड्या, मिळतात त्या सगळ्या चार मीटरहून लांब आहेत, याचे आश्चर्य वाटायला नको; ४० टक्के भरायचेच असतील तर कंपनीने लहान हायब्रिड का बनवावी, आणि गिऱ्हाइकाने ती का घ्यावी?

जर्मनीचा वार्षिक वाहनकरही सीसी पाहतो, पण पेट्रोल गाडीला दर शंभर सीसीमागे फक्त दोन युरो. माझ्या आताच्या गाडीचा तो भाग ३० युरो होतो, जुनीचा ४० होता. खरे अंतर पडते ते किलोमीटरमागच्या कार्बन डायऑक्साइडवर. ९५ ग्रॅमच्या पुढे प्रत्येक ग्रॅमला कर लागतो, आणि २०२१ पासून नोंदलेल्या गाड्यांना तो पायरीपायरीने चढत जातो. शिवाय पेट्रोलवरच कार्बनचे शुल्क आहे, २०२१ मध्ये टनाला २५ युरो होते, २०२५ मध्ये ५५ झाले. कार्बनच्या या हिशेबात तुमच्या बॉनेटखाली कोणते तंत्र आहे याची चौकशी होत नाही. तुम्ही किती जाळता एवढेच पाहिले जाते. भारताने जर्मनीची नक्कल करावी असे मी म्हणत नाही, पण हे एक तत्त्व उचलण्यासारखे आहे.

मोजमापाच्या एककाचाही इथे संबंध आहे. आपण लिटरला किलोमीटर मोजतो, इथे शंभर किलोमीटरला लिटर मोजतात. दहाची चौदा झालेली मोठी हायब्रिड आपल्याला फार मोठी झेप वाटते, आणि आहेही. शंभर किलोमीटरला दहा लिटरचे ७.१ झाले. पण लिटरला वीस देणारी साधी लहान पेट्रोल गाडी मुळातच ५ लिटर घेते, हे त्या झेपेच्या कौतुकात दिसेनासे होते.

इलेक्ट्रिकच्या बाजूने बोलणाऱ्यांशी माझे भांडण नाही. २०२४च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशाने स्ट्राँग हायब्रिडना नोंदणीकर माफ केला तेव्हा वाहन उद्योगातच दोन तट पडले. हायब्रिडला सवलत दिली तर इलेक्ट्रिकची वाटचाल मंदावेल, असे एका तटाचे म्हणणे होते, आणि ते निराधार नाही. ज्याच्या घराखाली चार्जर बसू शकतो त्याने इलेक्ट्रिकच घ्यावी, असे मी स्वतः सांगते. मी भाड्याच्या घरात राहते, गाडी रस्त्यावर जिथे जागा मिळेल तिथे लावते, म्हणून माझ्यापुरता तो पर्याय नव्हता. सोसायटीची परवानगी मिळेपर्यंत थांबलेले कितीतरी लोक भारतातही माझ्याच स्थितीत आहेत. इलेक्ट्रिकवरचा पाच टक्के जीएसटी खुशाल पाचच राहू दे. पण पाच आणि चाळीस यांच्या मधल्या जागेत जाळलेल्या लिटरनुसार पायऱ्या हव्यात, आणि दोन टनांच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीला व लहान इलेक्ट्रिक गाडीला एकच दर का, हेही विचारायला हवे. ती वीज आपल्याकडे अजून मुख्यतः कोळशावरच तयार होते, आणि दोन टन हलवायला ती अधिक लागते.

भावाशी परवा पुन्हा बोलणे झाले. घरात चार माणसे, दिवाळीत गावी जाताना सामान, आई-वडिलांना चढ-उतार सोपी हवी. त्याची कारणे खरी आहेत आणि लहान गाडी घे, असे मी त्याला सांगितले नाही. एवढेच म्हटले की शोरूमची गाडी रविवारी सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर चालवून पाहू नकोस. संध्याकाळी सहानंतर, एसी लावून, चौघे बसून, तुझ्या रोजच्या रस्त्याने ने. निघताना ट्रिपचा काटा शून्यावर आण, आणि परत आल्यावर लिटरला किलोमीटरचा जो आकडा दिसेल त्याने शंभरला भाग. मग तोच फेरा आताच्या हॅचबॅकने कर. तो गुरुवारी जाणार आहे, आणि दोन्ही आकडे मला कळवणार आहे.