‘जाहिरात कंपनी’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्या लढ्याची बातमी कशी होऊ दिली, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा कळलं की एका ठिकाणी तुमचं बरोबर आहे. तिकडे शेवटी येतो, आधी भांडून घेतो.

तुम्ही लिहिलंय: “गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना तुम्ही जाहिरात कंपनीत नोकरीला लावलंत. सत्य बोलणाऱ्याला बातमीची फिकीर नसते. आणि तसंही काठ्या चालल्याशिवाय एकही वार्ताहर फिरकत नाही, मग भाषणांचं एवढं कौतुक कशाला?”

यातला पहिला मुद्दा म्हणतो त्यांना बातमी नको होती, दुसरा म्हणतो त्यांना ती मिळत नव्हती. असो. दोन्ही वेगवेगळे घेऊ.

बातमी नको होती? 5 एप्रिल 1930 ला दांडीत पोचल्यावर गांधींनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत एक ओळ लिहून खाली सही-तारीख घातली. आशय असा की बळाविरुद्ध न्यायाच्या या लढाईत मला जगाची सहानुभूती हवी आहे. मागणी उघड आहे, आणि तीही जगाकडे. ज्याच्या हातात शस्त्र नाही त्याला साक्षीदार लागतात. बंद खोलीत सोसलेला मार कोणालाच लाज आणत नाही.

आता महिनाभर मागे जा. 2 मार्चला गांधींनी व्हाइसरॉय आयर्विनना पत्र लिहिलं. मायना ‘प्रिय मित्र’. आत पगाराचा हिशेब: तुम्हाला महिना 21,000 रुपये, म्हणजे दिवसाला 700 हून जास्त, इथल्या माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. पाच हजार पटींहून जास्त, हा गुणाकारही त्यांनीच करून दिलाय. वार्ताहराला आकडा शोधत बसायला नको आणि वाचकाला राज्यशास्त्र यायला नको. वर लगेच पुस्ती, की तुम्हाला या पगाराची गरज नसेल, बहुधा तो सगळा दानातच जात असेल, प्रश्न तुमचा नाही, असा पगार देणाऱ्या व्यवस्थेचा आहे. माणसाला मोकळं सोडून खुर्चीला धरायचं. अशा पत्राला चिडून उत्तर देणंही अवघड. (पत्र नेऊन द्यायला माणूस कोण निवडला, तर रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा तरुण इंग्रज. हे सहज सुचलं असेल यावर माझा विश्वास नाही.)

आणि शेवटी तारीख. ऐकलं नाहीत तर 11 तारखेला आश्रमातले सहकारी घेऊन मिठाचा कायदा मोडायला निघेन. मला आधीच अटक करून हा बेत मोडणं तुमच्या हातात आहे. गुन्हा करण्याआधी गुन्ह्याची वर्दी! खरी निघायची तारीख 12 ठरली, पण पत्रकाराच्या दृष्टीने काय झालं बघा. दिवस माहीत, ठिकाण माहीत, आणि एक प्रश्न लोंबकळत राहिला: सरकार पकडणार की नाही? पकडलं तर मूठभर मिठासाठी म्हाताऱ्याला तुरुंगात टाकल्याची बातमी, नाही पकडलं तर साम्राज्य बिचकल्याची. तो प्रश्न 24 दिवस जिवंत राहिला, रोज नवं गाव, रोज नवं भाषण. मोटारीने गेले असते तर एका दिवसात संपलं असतं.

दुसरा मुद्दा, काठ्यांचा. यात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्यापेक्षा मीच चांगला देतो. 1961-62 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी शहरात काळ्या नागरिकांच्या समान हक्कांसाठी निदर्शनं चालली होती. तिथले पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी किंग यांच्या पद्धतीचा अभ्यास केला आणि आपल्या माणसांना बजावलं की मारायचं नाही. निदर्शकांना शांतपणे पकडलं, आसपासच्या तुरुंगांत वाटून टाकलं. भाषणं तीच, गर्दी तीच, पण चित्रच मिळेना. वार्ताहर पांगले. म्हणजे नुसतं बोलून भागत नाही, समोरच्याने चूकही करावी लागते. मान्य.

पण 28 ऑगस्ट 1963 ला वॉशिंग्टनमधल्या मोर्चात किंग बोलले तेव्हा एकही काठी चालली नाही, तरी तो दिवस टीव्हीवर थेट दिसला. त्या भाषणातला ‘माझं एक स्वप्न आहे’ हा भाग सगळ्यांना पाठ असतो, तो तर लिहून आणलेल्या मसुद्यात नव्हताच. मला त्याआधीचा धनादेश जास्त आवडतो. अमेरिकेने काळ्या नागरिकांना दिलेला धनादेश ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा मारून परत आलाय, आणि आम्ही तो वटवायला आलोत. राज्यघटना, समता, मानवी हक्क हे जड शब्द ऐकून संपादक जांभई देतो. न वटलेला चेक मात्र सगळ्यांना कळतो, आणि शरम कोणाची हेही सांगावं लागत नाही.

आणि कुणी छापायलाच तयार नसेल तर? आपल्याकडे याचं सगळ्यात बोचरं उदाहरण 1920 चं. बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’ या पाक्षिकाची जाहिरात, पैसे देऊनही, ‘केसरी’ने छापली नाही. बातमी सोडा, जाहिरात! त्यांच्याबाबतीत प्रसिद्धीची हाव हा आरोप करून बघा, हसू येईल. 1927 मध्ये मार्च महिन्यात महाडला झालेल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांतच त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र सुरू केलं. डिसेंबरमध्ये महाडलाच भरलेल्या परिषदेत भाषण करताना त्यांनी तिची तुलना 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. तळ्याच्या पाण्याचा स्थानिक तंटा म्हणून जो विषय कोपऱ्यात ढकलता आला असता, तो एका वाक्यात ती फ्रेंच सभा भरली त्या व्हर्सायला नेऊन ठेवला. हा प्रसिद्धीचा सोस म्हणायचा, की आपल्या प्रश्नाचं माप दुसऱ्याला ठरवू न देणं?

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते. 7 मार्च 1965 ला अमेरिकेतल्या सेल्मा शहरातल्या पुलावर काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चातल्या लोकांना पोलिसांनी काठ्यांनी झोडपलं, त्याबद्दल मी ‘त्यांनी कॅमेऱ्यासाठी मार खाल्ला’ असं लिहिलं होतं. तुम्ही ते वाक्य जसंच्या तसं उद्धृत करून पुढे नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंत. मार खाल्ला तो मतदानाच्या हक्कासाठी. मी ‘कॅमेऱ्यासमोर’ लिहायला हवं होतं. वाक्य बदललंय.