तिला कॅमेरा घेऊ द्या

आज फॅमिली ग्रुपवर भाचीने विचारलं, जुना पेंटॅक्स के-१०००, रोलवाला कॅमेरा मिळतोय, घेऊ का? झालं, सगळे तुटून पडले. भंगार आहे, फॅड आहे, मोबाईल असताना कशाला हवा? बिचारीने मेसेजच डिलीट केला. डोकं फिरलंय माझं.

दर दोन वर्षांनी हप्त्यावर नवा फोन घेतो, तेव्हा कुणी हिशेब मागत नाही. आणि पोरीला काहीतरी शिकायचंय तर तुम्हाला पैसे आठवतात!

बाबांकडे हाच कॅमेरा होता. गणपतीत गावी गेलो असताना रोलमध्ये शेवटची फ्रेम उरली आणि त्यांनी तो माझ्या हातात दिला. आजी ओटीवर तांदूळ पाखडत होती. "सुई मधोमध आल्याशिवाय दाबायचं नाही," एवढंच बाबा म्हणाले. सुई म्हणजे कॅमेऱ्यातून बघताना दिसणारा, उजेड मोजणारा काटा. ढग येत-जात होते, सुई हलत होती, मी रिंग फिरवत आजीकडे बघत राहिले. तिच्या मनगटावरचं गोंदण मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

महाग पडतं, मान्य. रोल, डेव्हलपिंग, स्कॅनिंग धरलं तर ३६ फोटोंना खिशाला चांगलीच चाट बसते. लॅबही मोजक्याच उरल्यात. लग्न-बारशाला डिजिटलच घ्या, माझी ना नाही.

पण भंगार म्हणू नका. १९७६ ते १९९७ अशी वीसेक वर्षं हे मॉडेल बनत होतं. शटर पूर्ण मेकॅनिकल, सेल फक्त त्या सुईच्या, म्हणजे उजेड मोजणाऱ्या मीटरपुरता. तो संपला तरी फोटो निघतो. तुमचा फोन चार्जिंगशिवाय काय करतो, सांगा!

परवाच्या गणपतीत आपण सगळ्यांनी मिळून शेकडो फोटो काढले. त्यातल्या एकासाठी तरी कुणाकडे इतका वेळ बघितलं का, जितकं मी त्या एका फ्रेमसाठी आजीकडे बघितलं?

असो. चिडून काय उपयोग.

बाळा, तू घे. फक्त डोळे मिटून घेऊ नकोस. लेन्स टॉर्चसमोर धर, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, आपल्या दमट हवेत हमखास धरते. मागचं झाकण उघडून प्रत्येक स्पीडला शटर मारून बघ. झाकणाच्या खाचेतला फोम चिकट झाला असेल तर तेवढ्यासाठी सोडू नकोस, तो बदलता येतो. आणि या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटण नाही, काम झालं की लेन्सला टोपी लाव, नाहीतर सेल उतरतो.

रविवारी ये. पहिला रोल माझ्याकडून, ब्लॅक अँड व्हाइट. घरीच धुऊ.