मॅडिसनने भरवसा ठेवला खुर्चीवर, आडवा आला पक्ष

अमेरिकेत काही खुट्ट झालं की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो तिथे सिस्टीम स्ट्राँग आहे हो, कोणीही निवडून आला तरी काही बिघडत नाही, आणि दुसरा म्हणतो संपली तिथली लोकशाही. मला दोन्ही पटत नाही. ती सिस्टीम नक्की कशाच्या भरवशावर उभी केली होती हे बघितलं की गडबड कुठे झाली ते कळतं. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

१७८७ चा उन्हाळा, फिलाडेल्फिया. अमेरिकेची घटना लिहायला राज्यांचे ५५ प्रतिनिधी दारं-खिडक्या लावून बसलेत, आतलं एक अक्षर बाहेर जाऊ द्यायचं नाही असं ठरवून (ऱ्होड आयलंडने तर माणूसच पाठवला नाही). अडचण अशी होती की ब्रिटिशांना घालवल्यावर जी व्यवस्था उभी केली तिच्यात केंद्राला कर लावायचा अधिकारच नव्हता, केंद्राने राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी बघू म्हणायचं. तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जात बुडालेले शेतकरी डॅनियल शेजच्या मागे बंड करून उठले. म्हणजे सरकार दमदार तर पाहिजे, पण नुकताच एक राजा घालवलाय, दुसरा नकोय.

यावर त्या ५५ जणांतल्याच जेम्स मॅडिसनचा तोडगा मला आजही भारी वाटतो. माणूस चांगला निघेल यावर विसंबायचंच नाही! फेडरलिस्ट नावाचे जे लेख त्या काळी न्यूयॉर्कच्या पेपरांत आले त्यातल्या ५१ नंबरच्या लेखात तो सरळ लिहितो की माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती. मग करायचं काय, तर महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनेच अडवायचं, माणसाचा स्वार्थ त्याच्या खुर्चीच्या अधिकाराशी बांधून टाकायचा. सिनेटरला सिनेटचा (तिथल्या वरच्या सभागृहाचा) अधिकार प्यारा, प्रेसिडेंटला स्वतःचा, जजला कोर्टाचा, प्रत्येक जण आपापलं राखायला भांडेल आणि त्या भांडणात सामान्य माणूस सुरक्षित राहील.

(हेच लोक माणसं विकत घेत होते हेही विसरायचं नाही. प्रतिनिधी मोजताना गुलाम तीन पंचमांश धरला, गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही असं लिहून ठेवलं, आणि 'गुलाम' हा शब्द मात्र कुठे येऊ दिला नाही. ते निस्तरायला यादवी युद्ध आणि १८६५ ची तेरावी दुरुस्ती लागली. आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती ही गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, घटना लिहिणाऱ्यांना नव्हे.)

तर मॅडिसनची ही युक्ती चालली का? बऱ्याचदा चालली, आणि माझं आवडतं उदाहरण १९३७ चं आहे. प्रेसिडेंट फ्रँकलिन रूझवेल्ट आदल्या वर्षी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आला होता, सिनेटमध्ये त्याच्या डेमोक्रॅट पक्षाचे तीन चतुर्थांशाच्या वर सिनेटर, आणि सुप्रीम कोर्ट त्याचे मंदीच्या काळातले कायदे एकामागून एक उडवत होतं. फेब्रुवारीत त्याने प्लॅन काढला की सत्तरी ओलांडूनही जो जज रिटायर होत नाही त्याच्यामागे एक नवा जज नेमायचा, जास्तीत जास्त सहा, म्हणजे नऊचे पंधरा. आता बहुमत हातात, लोक पाठीशी, कोण अडवणार? अडवलं त्याच्याच पक्षाने. डेमोक्रॅटांचं बहुमत असलेल्या सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीने हा प्लॅन अनावश्यक, निष्फळ आणि अत्यंत धोकादायक आहे असा रिपोर्ट दिला आणि जुलैत ७० विरुद्ध २० मतांनी ते बिल कमिटीकडे परत पाठवून गाडलं. खरं सांगायचं तर तोपर्यंत कोर्टानेही सूर बदलला होता, त्यामुळे घाईचं कारणही उरलं नव्हतं. आणि विरोध करणारे सगळे काही तत्त्वाचे पुतळे नव्हते, त्यात दक्षिणेतले जुने गोरे पुढारी होते ज्यांना आपली वर्णभेदी व्यवस्था जपायची होती. पण मुद्दा तोच आहे ना, मॅडिसनला चांगली माणसं नकोच होती, त्याला आपापलं राखणारी माणसं हवी होती.

नंतरही असंच झालं. १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणात प्रेसिडेंट निक्सनला त्याच्या ऑफिसातल्या संभाषणांच्या टेप द्यायला लावल्या त्या आठ विरुद्ध शून्य निकालात त्याने स्वतः नेमलेले तीन जज होते, आणि दोन आठवड्यांनी गोल्डवॉटरसारखे त्याच्याच पक्षाचे पुढारी व्हाइट हाउसमध्ये जाऊन सांगून आले की सिनेटमध्ये तुम्ही वाचत नाही.

पण ही युक्ती चालली कारण पक्ष तेव्हा खिचडी होते. डेमोक्रॅटांत वर्णभेदवालेही आणि कामगार पुढारीही, रिपब्लिकनांत उदारमतवादीही. १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्यानंतर (वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या) हळूहळू सगळे आपापल्या बाजूला जाऊन बसले. आता सिनेटरला सिनेटपेक्षा पक्ष जवळचा, कारण त्याचं तिकीट प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात) ठरतं आणि तिथे मत द्यायला येतात ते बहुतेक कट्टर लोकच.

याचा कळस सांगतो. टॅरिफ (आयात कर) लावायचा अधिकार घटनेप्रमाणे काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा आहे, पहिल्याच कलमात. ट्रम्पने २०२५ मध्ये १९७७ च्या एका आणीबाणीच्या कायद्याच्या आधारे टॅरिफ लावले, आपल्या मालावर ५० टक्के झाला तोही त्याच कायद्याखाली. आता आणीबाणी रद्द करायचा ठराव कोणी मांडला तर ठरावीक दिवसांत तो सभागृहात घ्यावाच लागतो असा नियम आहे. मग हाउसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, मार्चमध्ये काय केलं? कॅनडा-मेक्सिकोच्या टॅरिफसाठी जी आणीबाणी होती तिच्यापुरता अधिवेशन संपेपर्यंत एकही दिवस 'दिवस' म्हणून मोजायचा नाही असा नियम पास केला! दिवस मोजायचेच नाहीत म्हटल्यावर मुदत संपणार कशी? प्रेसिडेंटने अधिकार हिसकावला हे मी समजू शकतो, मॅडिसननेही ते गृहीत धरलं होतं. सभागृहच स्वतःचा अधिकार वाचू नये म्हणून कॅलेंडर थांबवेल हे मात्र त्याच्या हिशोबात कुठेच नव्हतं. कुंपणानेच शेत खाल्लं.

आपण फार हसू नये. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलं होतं की अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी, आपण जबाबदारी निवडतोय, सरकारला सभागृहात रोज हिशोब द्यावा लागेल. आणि १९८५ पासून आपल्याकडे व्हिप मोडला तर आमदारकी-खासदारकीच जाऊ शकते, तेव्हा रोजचा हिशोब मागणार कोण? तिथे निदान पक्षाविरुद्ध मत देऊन सीट तरी राहते, पुढच्या निवडणुकीपर्यंत.

काही जण म्हणतात घटनाच बदला. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर ५० पैकी ३८ राज्यं, आजच्या वातावरणात विसरा. मला वाटतं हात घालायचा तर प्रायमरीला घालावा. २०२१ च्या महाभियोगात ट्रम्पविरुद्ध मत देणारे सात रिपब्लिकन सिनेटर होते, त्यातल्या एकट्या अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की २०२२ मध्ये निवडणुकीला उभ्या होत्या. ट्रम्पचा पाठिंबा समोरच्या उमेदवाराला. त्याच वर्षी हाउसमध्ये ट्रम्पविरुद्ध मत दिलेल्या रिपब्लिकन लिझ चेनी वायोमिंगच्या प्रायमरीतच साफ झाल्या, मर्कोव्स्की जिंकल्या, कारण अलास्काने २०२० मध्ये पक्षाची प्रायमरीच काढून टाकली होती, सगळे उमेदवार एकाच यादीत, सगळ्या मतदारांसमोर, पहिले चार पुढे. २०२४ मध्ये ती पद्धत रद्द करायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला, पण किती मतांनी, तर हजारापेक्षाही कमी.