चार बिटे लागतात, म्हणून ११५ घ्यावीत

जुन्या गेम कन्सोलचा स्क्रू पहिल्यांदा निरखून पाहण्याची वेळ बहुधा रात्री साडेअकराच्या सुमारास येते. वीस-पंचवीस वर्षे निमूटपणे चाललेली कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायची खेळाची प्लास्टिकची डबी, साठवलेला खेळ विसरू लागलेली असते, आतला सेल संपला असावा असा बरोबर अंदाज आपण बांधलेला असतो आणि घरातला एकुलता एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती उलटी केली की लक्षात येते की या स्क्रूला खाचच नाही. खाचेच्या जागी एक बुटका गोल खांब उभा आहे, त्याच्या कडेने सहा खोबणी कोरलेल्या आहेत आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक आत घालायचे तर घालायला आत काही नाही. अशा वेळी सामान्य माणूस त्या स्क्रूचे माप घेतो, त्याला कोणते बिट, म्हणजे मुठीत बसवायचे स्क्रू ड्रायव्हरचे सुटे टोक, लागते ते शोधतो आणि तेवढे एक बिट मागवून झोपी जातो. पुढचा सल्ला त्याच्यासाठी नाही.

आधी एक अप्रिय माहिती उरकून टाकू, म्हणजे ती पुन्हा मध्ये येणार नाही. वर वर्णिलेल्या स्क्रूसाठी जे पोकळ तोंडाचे बिट लागते त्याला गेमबिट म्हणतात आणि त्याची कामाची मापे दोनच आहेत. सुपर निन्टेंडो, निन्टेंडो ६४ आणि गेम बॉय यांच्या कार्ट्रिजना ३.८ मिलिमीटरचे बिट लागते. सुपर निन्टेंडो, निन्टेंडो ६४ आणि २००१ सालचा गेमक्यूब या यंत्रांच्या पेट्यांना ४.५ मिलिमीटरचे. गेम बॉय कलर आणि गेम बॉय ॲडव्हान्स यांच्या पाठीवर तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग स्क्रू असतो. उरलेले बहुतेक सगळे, म्हणजे १९८५ साली अमेरिकेत आलेला मूळ निन्टेंडो आणि पहिला प्लेस्टेशनसुद्धा, साध्या फुलीच्या स्क्रूवर भागते. पहिला एक्सबॉक्स असेल तर टी२० आणि टी१० ही दोन टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारखी, बिटे वाढवावीत. झाले. ही सगळी विद्या आगगाडीच्या तिकिटाएवढ्या कागदावर मावते आणि नेमकी हीच तिची उणीव आहे. कागदावर मावणाऱ्या विद्येला झाकणाची पेटी लागत नाही.

म्हणून पहिला सल्ला असा की आपण ११५ बिटांची पेटी घ्यावी. चुंबकाने टक् आवाज करून मिटणारे झाकण, आत काळ्या फोमच्या रांगा आणि प्रत्येक बिटाखाली डोळ्यांना ताण देईल इतक्या बारीक अक्षरांत त्याचे माप, असे तिचे रूप असावे. तिच्यात पाच पाकळ्यांची बिटे असतील, त्रिकोणी असतील, चौकोनी असतील, मध्ये भोक असलेली टॉर्क्स असतील आणि बैलाच्या शिंगांसारखे दोन दात बाहेर काढलेलेही एक असेल. यांतली नव्वद बिटे ज्या वस्तू उघडतात त्या आपल्याकडे नाहीत, याचे वाईट वाटून घेऊ नये. त्या हळूहळू घेता येतात. अनेक पेट्यांत ही सगळी प्रजा सुखाने नांदत असते आणि ३.८ व ४.५ ही दोनच मापे तेवढी नसतात. पेटी घरी आल्यावर हे कळते, तेव्हा ती दोन बिटे वेगळी मागवावीत आणि फोममध्ये त्यांना जागा नसल्यामुळे दोन त्रिकोणी बिटांना तिथून उठवून ड्रॉवरमध्ये टाकावे. ती पुढे कधीच सापडणार नाहीत आणि त्यांची कधीच आठवणही येणार नाही.

मापाच्या बाबतीत आपण मन मोठे ठेवावे. ३.८ आणि ४.५ यांत अंतर ते किती? अवघे ०.७ मिलिमीटर. एवढ्याशा फरकासाठी दोन बिटे विकत घेणे हा कोत्या मनाचा व्यवहार झाला. साडेचारचे बिट ३.८च्या स्क्रूवर ठेवले तर ते अजिबात अडकत नाही आणि कितीही वेळ, कोणत्याही दिशेने, अत्यंत सुरळीत फिरते. इतका मऊ अनुभव योग्य मापाचे बिट कधीच देत नाही. उलट बाजूने ३.८चे बिट साडेचारच्या स्क्रूवर बसतच नाही, तेव्हा हातोडीची आठवण होणे स्वाभाविक आहे. हातोडी हलकी असावी, कारण खाली सर्किट बोर्ड असतो.

बिट येईपर्यंत धीर धरवत नसेल तर स्वावलंबनाचा मार्ग खुला आहे. स्वस्त बॉलपेनची नळी काड्यापेटीच्या ज्योतीवर धरावी, टोक चकाकू लागले की ते स्क्रूवर दाबून ठेवावे आणि थंड होईपर्यंत श्वास रोखावा. वितळलेल्या प्लास्टिकवर स्क्रूच्या सहा खोबणींचा ठसा उमटतो आणि आपल्या हाती घरगुती बिट येते. ही युक्ती काही वेळा खरोखर चालते, एवढे तिच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र कंपनीत आवळलेला स्क्रू पहिल्यांदा सुटताना जो जोर मागतो तो त्या नळीला पेलत नाही. ठसा पिळवटून गुळगुळीत होतो आणि प्लास्टिकचा एक पापुद्रा स्क्रूच्या खोबणींत राहून जातो. यानंतर अस्सल ३.८चे बिट आणले तरी ते बसत नाही आणि आपण टाचणी घेऊन खोबणी कोरत बसतो. ज्यांना हा मार्ग कमी वाटतो त्यांच्यासाठी चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कानशीने मध्ये खाच पाडणे आणि निमुळत्या पकडीने स्क्रूचे डोके धरून पिळणे, अशा आणखी दोन परंपरा आहेत. त्यांच्या खुणा जुन्या कार्ट्रिजवर सर्वत्र आढळतात आणि विकत घेणाऱ्याला आपल्या आधी किती जिद्दीची माणसे इथे येऊन गेली ते कळते.

आता खोलीचा प्रश्न. बिटाची जाडी विचारणारा माणूस विरळा आणि लांबी विचारणारा तर त्याहून विरळा. आपण दोन्ही विचारू नयेत. गेमक्यूबच्या तळाला चार कोपऱ्यांत चार अरुंद विहिरी असतात आणि स्क्रू त्यांच्या तळाशी बसलेला असतो. पाव इंची षटकोनी बुडाचे आखूड बिट आणि ते धरणारी जाडजूड मूठ असा जोड घेतला की बिट विहिरीत उतरते आणि मूठ काठावर अडते. लांब, सडपातळ दांड्याचे बिट घेतले तर हा सगळा खेळ अर्ध्या मिनिटात संपतो, म्हणून ते घेऊ नये. माझे ४.५चे आखूड बिट मी एकदा जोर करून खाली दाबले. ते स्क्रूवर छान घट्ट बसले, इतके घट्ट की मी मूठ वर ओढली तेव्हा मुठीतल्या चुंबकापेक्षा स्क्रूने त्याला अधिक आपुलकीने धरून ठेवले. कन्सोल उलटा करून आपटला, चिमटा घातला, सुईच्या टोकाला डिंक लावून पाहिला. ते बिट आजही तिथे आहे आणि तो कन्सोल उत्तम चालतो, फक्त उघडत नाही.

तीन पाकळ्यांच्या स्क्रूबद्दल फार बोलण्यासारखे नाही. तो छोटा असतो, मऊ असतो आणि त्याच्यात लहान चपटा स्क्रू ड्रायव्हर तिरका घालून फिरवता येतो असे प्रत्येकाला एकदा तरी वाटते. एकदाच, कारण दुसऱ्यांदा फिरवण्यासाठी पाकळ्या उरत नाहीत. मात्र गेम बॉय ॲडव्हान्सच्या बाबतीत एक बारकावा आहे, जो मी अत्यंत खात्रीशीर पद्धतीने शिकलो. त्याच्या पाठीवर सहा ट्राय-विंग स्क्रू असतात आणि ते सगळे काढले की मागचा भाग दोन्ही कडांनी सैल होतो, मध्येच मात्र कुठेतरी धरून राहतो. अशा वेळी मनुष्यस्वभाव नखे घालून ओढण्याकडे झुकतो. मी ओढले. कट् असा एक कोरडा आवाज आला आणि सेलच्या खोलगट जागेत, सेलच्याच आड बसलेला सातवा स्क्रू मला तेव्हा दिसला. तो ट्राय-विंग नव्हता, साधा फुलीचा होता आणि त्याच्याभोवतीच्या प्लास्टिकला एक पांढरी चीर गेली होती. यंत्र एक असले की बिटही एकच पुरेल, असे धरून चालणाऱ्यांना ही चीर मी आजही दाखवतो.

फुलीचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबू, कारण सर्वाधिक स्क्रूंचा बळी याच साध्या दिसणाऱ्या ठिकाणी जातो. अमेरिकेत १९३६ साली हेन्री फिलिप्स यांना पेटंट मिळालेली ती फिलिप्स फुली आणि जपानी औद्योगिक मानकाची, म्हणजे जेआयएसची फुली या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दिसायला त्या जुळ्या बहिणी आहेत. फिलिप्सचे टोक जपानी खाचेत तळापर्यंत बसत नाही, जरा वरच टेकते; मग पिळताना ते घसरत वर चढते आणि चढता चढता खाचेच्या चारही भिंती खरवडून नेते. जपानी घडणीच्या जुन्या यंत्रांत अशा खाचा सर्रास भेटतात आणि पुष्कळदा स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका कोरून त्यांनी आपली ओळखही सांगितलेली असते. गंमत अशी की जेआयएसचे टोक फिलिप्सच्या खाचेतही बऱ्यापैकी चालते, म्हणजे एकच घ्यायचे तर जपानी घ्यावे हे शहाणपण एका ओळीत सांगून होते. आपण ती ओळ वाचली नाही असे समजावे. पेटीतल्या ११५ पैकी सतरा-अठरा बिटे फिलिप्सचीच असताना त्यांच्यावर अविश्वास दाखवणे बरे नव्हे. टोक घसरले की पुन्हा त्याच जोराने दाबावे, पुन्हा घसरले की एक माप मोठे घ्यावे, मग एक लहान, आणि खाचेचा गुळगुळीत खळगा झाला की स्क्रू हलक्या प्रतीचा होता असे म्हणावे. नाचता येईना तेव्हा अंगणाने वाकडे व्हायचेच असते, इथे तर ते जपानमधून वाकडे होऊन आलेले आहे.

पोलादाची चौकशी करू नये. क्रोम-व्हॅनेडियम, एस२ वगैरे शब्द दांड्यावर कोरलेले असतात आणि कोरायला मऊ धातूही तितकाच सोपा असतो. पहिले ३.८चे बिट मी सर्वांत स्वस्त म्हणून घेतले होते. त्याच्या पोकळ तोंडाची भिंत पातळ होती. तिसऱ्या कार्ट्रिजला ती फुलासारखी उमलली, आणि आतले सहा दात गुळगुळीत होऊन ते बिट एक छोटीशी नळी बनले. या प्रसंगात स्क्रूला ओरखडासुद्धा आला नाही. स्वस्त बिट झिजते आणि स्क्रू वाचतो, हा व्यवहार एका अर्थाने दानाचाच आहे, फक्त दान दर तीन कार्ट्रिजना नव्याने करावे लागते.

समजा, इतके सगळे सल्ले पाळूनही कार्ट्रिज उघडलीच. आत सीआर२०३२ किंवा त्याहून लहान सीआर१६१६ जातीचा सेल दिसेल, आणि तो रिमोटमधल्यासारखा खोबणीत बसवलेला नसून पत्र्याच्या पट्ट्यांनी बोर्डाला डाग देऊन जोडलेला दिसेल. त्याला काढायला बिट लागत नाही, सोल्डरिंग आयर्न लागते. पेटीत ११५ बिटे आहेत आणि सोल्डरिंग आयर्न एकही नाही. सोल्डरिंग आयर्नच्या टोकांचेही संच मिळतात, पण त्याकडे आज वळू नये, रात्रीचा एक वाजलेला असतो.

बंद करताना एक भ्रम टाळावा. जाणकार सांगतात की प्लास्टिकमध्ये थेट आटे पाडून बसणारा स्क्रू परत लावताना आधी हलकेच उलटा फिरवावा, जुन्या आट्यात पडल्याची बारीकशी टिक् बोटांना जाणवली की मगच सुलटा आवळावा. यात प्रत्येक स्क्रूमागे दोन सेकंद जातात. निन्टेंडो ६४च्या तळाला सहा स्क्रू आहेत, म्हणजे बारा सेकंद. आपण सरळ आवळावे, नवे आटे आपोआप पडतात आणि चौथ्या-पाचव्या वेळी भोक इतके ऐसपैस होते की पुढच्या खेपेला बिटाची गरजच उरत नाही, स्क्रू नखाने निघतो.

सगळे आवळून झाल्यावर टेबलावर एक स्क्रू उरेल. तो कुठला, याचा शोध घेण्यासाठी कन्सोल पुन्हा उघडण्याचा मोह होईल, तो आवरावा. पेटीत ४.५च्या बिटाची जागा माझ्याप्रमाणे आपलीही एव्हाना रिकामी झालेली असेल. उरलेला स्क्रू त्या खळग्यात ठेवला तर चपखल बसतो आणि झाकण टक् करून मिटते. मग कन्सोल कानाजवळ धरून एकदा हलवावा. आत आणखी एक खुळखुळत असेल, तो मात्र तिथेच राहू द्यावा.