पद्मिनीच्या कार्बोरेटरला मिळालेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार साहेब,

आपला रिव्ह्यू वाचला. गाडी 1978 ची प्रीमिअर पद्मिनी, आपल्या वडिलांच्या वेळची. आपलं म्हणणं असं की कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) दुरुस्तीचं किट सात-आठशेला मिळतं, दुसरीकडे पाचशे रुपयांत कार्बोरेटर साफ करून देतात, आणि आम्ही तीन आठवडे गाडी ठेवून 7,400 रुपयांचं बिल लावलं. वर मायलेज 14 चं 12 झालं आणि आठ-दहा दिवस उभी राहिली की गाडी पहिल्या सेल्फला उठत नाही. दिवस आणि रक्कम दोन्ही बरोबर आहेत, त्यावर वाद घालत नाही. पण "नुसता कार्बोरेटर साफ करायचे एवढे पैसे" हे वाक्य आम्हाला मान्य नाही. सफाई हा त्या कामातला सगळ्यात छोटा भाग होता.

आपण गाडी आणली तेव्हा तक्रार होती की सात रस्त्याच्या सिग्नलला स्लो धरत नाही (पाय काढल्यावर इंजिन हळू एकसारखं चालत राहत नाही), कधी रेस आपोआप चढते, कधी गाडी गप्पकन बंद पडते. आधी जिथे दाखवलीत तिथे दर वेळी कार्बोरेटर धुऊन स्लोचा स्क्रू पिळून दिला जायचा आणि आठवडाभरात परत तेच. आम्ही आपल्यासमोर इंजिन चालू ठेवून थ्रॉटलच्या स्पिंडलच्या, म्हणजे हवेची वाट उघडणारी चकती फिरवणाऱ्या दांड्याच्या, टोकांवर क्लीनरचा फवारा मारला आणि आवाज लगेच बदलला. म्हणजे तिथून हवा आत ओढली जात होती. ही हवा जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीतून) येणाऱ्या पेट्रोलच्या हिशोबात नसते, त्यामुळे स्क्रू कितीही फिरवा, स्लो बसणार नाही.

खोलल्यावर कार्बोरेटरची बॉडी ट्यूबलाइटकडे धरली. फुलपाखरू, म्हणजे थ्रॉटलची चकती, पूर्ण बंद असताना एका बाजूनं उजेडाची कोर दिसत होती. स्पिंडल स्टीलचा, बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची. इतकी वर्षं फिरून फिरून स्पिंडल झिजला आणि बॉडीतलं भोक लांबोळकं झालं. बाजारातल्या कोणत्याही किटमध्ये यावर इलाज नसतो. किटमध्ये पॅकिंग, डायफ्रॅम (रबरी पडदा), नीडल व्हॉल्व्ह आणि वॉशर येतात. बॉडीचं भोक काही पाकिटात मिळत नाही.

यावर इलाज एकच. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत मोठी करून गनमेटलचे बुश (आतले कडे) बसवायचे आणि लेथवर नवीन स्पिंडल करायचा. रेषा केसभर चुकली तर चकती नळीत घासते नाहीतर अडकते, आणि थ्रॉटल उघडा अडकला तर काय होतं ते सांगायला नको. चकतीचे दोन बारीक स्क्रू कंपनीनं मागून टोक फुलवून बसवलेले असतात. ते कानशीनं घासून काढावे लागतात आणि बसवताना नवेच घालून पक्के करावे लागतात, कारण त्यातला एक जरी सुटला तरी सरळ इंजिनात जातो. शिवाय खालच्या फ्लँजचे, म्हणजे इंजिनवर बसणाऱ्या सपाट तळाचे, कान कुणीतरी नट नको इतके आवळून वाकवले होते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज हातानं घासून सपाट केला. पॅकिंगवर पॅकिंग चढवून तिथली गळती थांबत नाही.

आता वेळ. आमच्याकडे लेथ नाही. हे काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक टर्नर करतो, त्याचं रोजचं काम यंत्रमागाच्या पार्टचं. सोलापुरात असा हात मिळतो तो मागांमुळेच, पण मग आधी माग चालू होतो आणि नंतर आपला कार्बोरेटर. गाडी ठेवून घेताना आम्ही "दोन ते तीन आठवडे" असंच सांगितलं होतं, जॉब कार्डवर तसं लिहिलेलं आहे. बिलातला मोठा भाग बुश, स्पिंडल आणि त्या मजुरीचा आहे; किटची रक्कम वेगळी दाखवली आहे, ती आपण लिहिता तेवढीच निघेल.

मायलेजचं मात्र नीट सांगायला हवं, कारण आपला राग खरा तिथे आहे.

आपल्या गाडीतल्या सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवर नंबर कोरलेला असतो, तो भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 120 म्हणजे 1.20 मिलिमीटर. आपल्या गाडीत मेन जेट कंपनीच्या पुस्तकातल्या नंबरापेक्षा बारीक निघाला. "मायलेज वाढवून देतो" म्हणून असा जेट घालायची पद्धत जुनी आहे. चारही प्लग काढून आपल्याला दाखवले होते, खडूसारखे पांढरे. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन तापतं, चढावर नॉक करतं आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 च्या घरात असतो, तिथे हे आणखी लवकर. तेव्हा ते 14 चं मायलेज फुकटचं नव्हतं. त्याचं बिल इंजिनचं हेड उघडायच्या दिवशी आलं असतं.

त्यात आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साधं एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तोच जेट ठेवला तर मिश्रण आणखी कोरडं पडतं. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो, पद्मिनीत ते जेटनंच सांभाळावं लागतं, म्हणून आम्ही पुस्तकापेक्षा एक पायरी मोठा जेट घातला. शिवाय इथेनॉलमध्ये मुळात ताकद कमी. मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींचं मायलेज 6-7 टक्के घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच दिला आहे. (आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल बनवतात, त्यामुळे तक्रार करायची तर घरातच करावी लागेल.) जुनं रबरही यात फुगतं, म्हणून कार्बोरेटरमधल्या पंपाचा डायफ्रॅम आम्ही किटमधला न वापरता इथेनॉल सोसणारा वेगळा आणून घातला.

उभी राहिल्यावर सेल्फ जास्त लागतो, कारण फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल तेवढ्या दिवसांत उडून जातं. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनवर चालतो, इंजिन फिरल्याशिवाय तो पेट्रोल ओढत नाही. चोक पूर्ण ओढा, पाच-सहा सेकंद सेल्फ मारा, थोडं थांबा, परत मारा. आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवू नका. या कार्बोरेटरचा चोक वेगळ्या वाटेनं पेट्रोल देतो आणि थ्रॉटल बंद असेल तरच ती वाट ओढ घेते. पाय मारत बसलं की गाडी उठत नाही आणि दोष कार्बोरेटरला जातो.

पाचशेत साफ करून देणाऱ्यांना आम्ही नावं ठेवत नाही. स्पिंडल टाइट असेल तर आम्हीही तेवढ्यातच देतो. पद्मिनी आली की मात्र आम्ही जरा जास्तच खोलात शिरतो हे खरं आहे. 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स काढणारे वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचे. त्यांच्या गावात ही गाडी सिग्नलला बंद पडलेली बघवत नाही.

आपण रिव्ह्यूत एक गोष्ट लिहिली नाही, ती विचारतो. आता सिग्नलला स्लो धरते का? धरत नसेल तर गाडी घेऊन या, पैसे न घेता बघू. फ्लोटची लेव्हल नीडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरच्या जाडीनं ठरते, ती आपल्यासमोर मोजून दाखवतो. आपले जुने पार्ट पिशवीत नाव लिहून ठेवले आहेत, त्या दिवशी घाईत न्यायचे राहिले. तो बारीक मेन जेटही त्यातच आहे. तोच परत हवा असेल तर बसवून देऊ, दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याचे पैसे घेणार नाही. फक्त "मालकाच्या सांगण्यावरून" असं बिलावर लिहून आपली सही घेऊ. सोमवारी गॅरेज बंद असतं.