जिम कॉनेल दोन ओळींत उरकण्यासारखा नाही

ब्रिटिश मजूर पक्षाच्या ‘द रेड फ्लॅग’ (लाल बावटा) या गाण्यावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण ते लिहिणाऱ्या जिम कॉनेलला दोन ओळींत उरकलंत, याचं वाईट वाटलं. आयर्लंडच्या मीथ परगण्यातला हा माणूस. डब्लिनच्या गोदीत कामगारांची संघटना बांधायला गेला तर काम मिळेनासं झालं, म्हणून १८७५ साली लंडन गाठलं. पुढे पत्रकारिता केली, चोरट्या शिकारीच्या आठवणींचं पुस्तकही लिहिलं.

१८८९ साली लंडनच्या गोदी कामगारांचा मोठा संप झाला. त्याच डिसेंबरात समाजवादावरचं व्याख्यान ऐकून चेरिंग क्रॉसहून न्यू क्रॉसला जाताना त्यानं आगगाडीतच हे गाणं लिहायला घेतलं. गार्डाच्या हातातला लाल बावटा पाहून सुचलं, असं सांगतात.

चालीबद्दल तर लेखात अवाक्षर नाही! कॉनेलच्या मनात ‘द व्हाइट कॉकेड’ या जुन्या गाण्याची ठसकेबाज चाल होती. पुढे दुसऱ्यांनीच गाण्याला ‘टॅननबाउम’ या जर्मन गाण्याची संथ चाल चिकटवली. कॉनेलला ती अजिबात पसंत नव्हती, आणि माझ्या मते त्याचंच बरोबर होतं. संपकऱ्यांचं गाणं पाय उचलायला लावणारं हवं. मूळ चालीवरचं एकदा ऐकाच.